ठसा कोणाच्या मालकीचा?

जुन्या खरेदीखतांच्या शेवटी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे शब्द आढळतात. ज्याला सही येत नाही त्याची ती सही, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. परंतु सरकारी कागदावर ठसा आला तो अविश्वासातून. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. उद्या यालाच सही नाकारता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले.

ठसा देणाऱ्याला काय वाटते, हा प्रश्न ठणकावून विचारला गेला तो दक्षिण आफ्रिकेत. १९०६ साली ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर ठशांसह सक्तीची नोंदणी लादण्याचे ठरले, आणि ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत ती न मानण्याची शपथ घेतली गेली. गंमत अशी, की १९०८ मध्ये तडजोड झाल्यावर गांधीजींनी तेच ठसे राजीखुशीने दिले आणि त्यापायी आपल्याच एका माणसाचा मारही खाल्ला. बोटे तीच होती. फरक सक्ती आणि संमती यांतला होता.

स्वतंत्र भारतात हा फरक मान्य व्हायला बराच काळ गेला. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवले, की आरोपीचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. पण जो आरोपीच नाही, त्याच्या ठशाचे काय?

हा प्रश्न आपल्या गोव्यातून उभा राहिला. जानेवारी २०१३ मध्ये वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. सारा गोवा संतापला होता. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी मिळालेले ठसे ताडून पाहण्यासाठी 'आधार'साठी नोंदणी केलेल्या सर्व गोमंतकीयांचे ठसे तिला हवे होते. प्राधिकरणाने नकार दिला. ही माहिती लोकांनी वेगळ्या कामासाठी संमतीने दिली आहे, आणि ही यंत्रणा गुन्हे-तपासासाठी बनवलेलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण गोवा खंडपीठातून दिल्लीला गेले. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून ही माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये.

त्या मुलीला न्याय मिळायला हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. म्हणूनच हा आदेश पचायला जड आहे. पण गॅससाठी, रेशनसाठी रांगेत उभे राहून बोटे टेकवणारा प्रत्येक जण त्या मागणीमुळे एका रात्रीत संशयितांच्या यादीत गेला असता, हेही तितकेच खरे. शिवाय लाखो ठशांत एखादा चुकून जुळला, तर निरपराध माणसाने कोठे जावे?

पुढे २०१६ च्या आधार कायद्यात ठसे व बुबुळांची माहिती इतर कामांसाठी वापरण्यास मनाई आली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र २०२२ च्या फौजदारी ओळख कायद्याने अटक झालेल्यांच्या ठशांबरोबर बुबुळांचीही नोंद घेण्याची आणि ती ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात जैविक माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा नाही.

संगणकाचा परवलीचा शब्द चोरीला गेला तर नवा घेता येतो. अंगठा नवा घेता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी यंत्रावर बोट ठेवायला सांगितले, तर 'कशासाठी?' एवढे तरी विचारावे. वास्को प्रकरणात न्यायालयापुढचा प्रश्नही तोच होता.