वस्ती आणि मन : शिकागोच्या इतिहासातील एक धडा

मनाच्या आजाराचा आणि राहत्या जागेचा काही संबंध असतो काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न मात्र बराच उशिरा झाला. अमेरिकेच्या राजकारणात हा प्रश्न गाजला, तो एका खोट्या हिशेबाच्या आधाराने. त्या हिशेबापासून आरंभ करून पुढे शिकागो शहराने या बाबतीत जगाला काय शिकविले, ते आज थोडक्यात सांगावे असा विचार आहे.

१८४० साली अमेरिकेच्या खानेसुमारीत वेडसर माणसांची प्रथमच गणना झाली. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेत दर १,५५८ कृष्णवर्णीयांमागे एक मनोरुग्ण आणि गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत मात्र दर १६२ मागे एक, असे आकडे त्यातून निघाले. दक्षिणेतील मळेवाल्यांना आनंदाचे भरते आले. ही माणसे स्वातंत्र्यात वेडी होतात आणि मालकाच्या छत्राखाली शहाणी राहतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून यांनी ब्रिटिश वकिलाला पाठविलेल्या पत्रात हाच पुरावा गुलामगिरीच्या समर्थनार्थ पुढे केला.

मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टर एडवर्ड जार्विस यांनीही प्रथम या आकड्यांवर विश्वास ठेवला होता. पण मूळ तक्ते तपासताच त्यांना धक्का बसला. मेन राज्यातील काही गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तरी तेथे कृष्णवर्णीय वेडे नोंदलेले होते! वूस्टर येथे नोंदलेले १३३ कृष्णवर्णीय वेडे हे वस्तुतः तेथील रुग्णालयातील गोरे रोगी होते. आकडा चुकीच्या रकान्यात पडला होता. जार्विस यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली आणि खानेसुमारीची चूकही उघड केली. सरकारने मात्र ते आकडे दुरुस्त केले नाहीत. पुढे १८५१ साली लुइझियानातील डॉक्टर कार्टराइट यांनी तर पळून जाण्याची गुलामाची इच्छा हाच एक मनोविकार ठरविला. दुःखाचे कारण परिस्थितीत न शोधता ते दुःख भोगणाऱ्याच्या रक्तात शोधण्याची ही रीत पुष्कळ काळ टिकली.

आता शिकागोकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामधंद्यासाठी या शहरात येऊ लागली. १९१० साली त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९३० साली ती २ लाख ३४ हजारांच्या घरात गेली. परंतु शहरात जागा मुबलक असली, तरी त्यांच्या वाट्याला दक्षिण भागातील एक अरुंद पट्टाच आला. १९१९ च्या जुलैत सरोवराच्या काठी उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे प्राणास मुकली. नंतर गोऱ्या घरमालकांनी आपसांत करारनामे करून कृष्णवर्णीयांना घर विकण्यास वा भाड्याने देण्यास बंदी घातली. १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगविले, त्यांत या वस्त्यांना तांबडा रंग दिला. म्हणजे तेथे कर्ज देणे धोक्याचे. एकेक बिऱ्हाड कापून त्याच्या खोल्याखोल्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे कोंबली गेली.

शाळेत आम्ही मुलांना नकाशावर नद्या, डोंगर आणि लोहमार्ग दाखवितो. शिकागोतील रॉबर्ट फॅरिस व वॉरन डनहॅम या दोन समाजशास्त्रज्ञांनी नकाशावर मनाचे आजार मांडले. १९२२ ते १९३४ या काळात रुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे ३५ हजार रोग्यांचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले आणि १९३९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या विकाराचे प्रमाण शहराच्या मध्यभागातील दाटीच्या, अस्थिर वस्त्यांत सर्वांत अधिक होते आणि बाहेर जावे तसतसे ते उतरत होते. एकामागून एक समाज या वस्त्यांत आले आणि गेले, पण वस्ती तीच राहिली, आजारही तेथेच राहिला. दोष केवळ वंशाचा म्हणावा, तर याचा उलगडा होत नव्हता.

यावर एक आक्षेप निघाला आणि तो रास्त होता. आजारी माणसाची नोकरी जाते, पैसा संपतो आणि तो घसरत घसरत स्वस्त वस्तीत येतो. तेव्हा वस्तीमुळे आजार, की आजारामुळे वस्ती? हा वाद पुष्कळ वर्षे चालला, आणि दोन्हींत काही तथ्य आहे असे आज मानले जाते.

परंतु त्याच ग्रंथात आणखी एक निरीक्षण होते. आपल्या समाजापासून दूर, परक्यांच्या वस्तीत एकटेदुकटे राहणाऱ्यांत विकाराचे प्रमाण अधिक आढळले. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांच्या वस्तीत राहत असला, की धोका वाढे. दक्षिण लंडनमधील अल्पसंख्य समाजांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही असेच दिसले: वस्तीत आपली माणसे जितकी कमी, तितके स्किझोफ्रेनियाचे प्रमाण जास्त.

असे का व्हावे, हे एका घराच्या हकिकतीवरून समजते. १९३७ साली कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थाने शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतले. दारापुढे जमाव जमला. खिडकीतून आलेली वीट त्यांच्या लहानग्या लोरेनला लागता लागता चुकली. वडील न्यायालयात झगडत असताना आई रात्ररात्र हाती पिस्तूल घेऊन घरात पहारा करीत असे, अशी आठवण लोरेनने पुढे लिहून ठेवली. १९४० साली हॅन्सबेरी सर्वोच्च न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर जिंकले. १९५९ साली रंगभूमीवर आलेल्या लोरेनच्या प्रसिद्ध नाटकाचा विषय घर हाच आहे. चांगले घर मिळाले, पण झोप गेली, तर त्या घराला चांगले कसे म्हणावे?

सरकारने यावर उपाय काढला तो उंच इमारतींचा. शिकागो गृहनिर्माण मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष रॉबर्ट टेलर यांचा आग्रह होता, की गरिबांची घरे साऱ्या शहरात विखरून बांधावीत. नगरसभेने ते मानले नाही आणि १९५० साली टेलर यांनी पद सोडले. दैवाची थट्टा अशी, की जुन्या कृष्णवर्णीय पट्ट्यातच सोळा मजल्यांच्या २८ इमारती उभ्या राहिल्या आणि १९६२ साली पुऱ्या झालेल्या त्या वसाहतीस त्यांचेच नाव देण्यात आले. सुमारे ४,४०० बिऱ्हाडे, आणि शेजारून जाणारा रुंद मोटाररस्ता! गरिबी एकाच जागी रचून ठेवली गेली.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वसाहतीतील १४५ रहिवाशांची पाहणी आहे. कोणाला कोणती इमारत मिळावी, हे त्यांच्या हाती नव्हते. ज्यांच्या इमारतीजवळ झाडे व हिरवळ होती, त्यांचे चित्त अधिक स्थिर होते आणि संसारातील अडचणींना ती माणसे अधिक धीराने तोंड देत होती. दोनचार झाडांनी एवढा फरक पडावा, यावरून तेथील मनांवर केवढा ताण होता, याची कल्पना येते.

१९६६ साली डोरोथी गॉट्रो या भाडेकरू बाईने इतरांसह गृहनिर्माण मंडळावर दावा लावला. निकाल लागण्यापूर्वीच १९६८ साली त्या वारल्या. पण १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे पुढे सुमारे सात हजार कुटुंबांना दुसरीकडे राहावयास जाता आले. त्यातूनच १९९४ ते १९९८ या काळात शिकागोसह पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. ४,६०४ कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी मदत दिली. दहापंधरा वर्षांनी पाहता मोठ्यांची कमाई वाढलेली नव्हती. पण त्यांचे मन अधिक स्वस्थ झाले होते. मुलींमधील विषण्णता कमी झाली. मुलग्यांत मात्र उलट विषण्णता आणि भयाचे आघात वाढले. एकाच बिऱ्हाडातील बहिणीला स्थलांतर मानवले, भावाला ते बाधले. यावरून मनाला नुसता नवा पत्ता पुरत नाही, हेच दिसते. टेलर वसाहतीची शेवटची इमारत २००७ साली पाडण्यात आली.

हा धडा आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मराठीत आहे आणि तो केवळ दिशा सांगत नाही. १९४२ साली नागपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र नवी गावे वसवावीत, असा ठराव केला होता. त्याच्या राजकीय बाजूविषयी मतभेद असू शकतात. परंतु रोज मान खाली घालावयास लावणाऱ्या शेजाराहून आपल्या माणसांचा शेजार मनाला बळ देतो, ही जाण त्यात होती. शिकागोचा नकाशा थोडी निराळी वाट चालून त्याच ठिकाणी येतो.

आपल्या शहरांतून आजही झोपड्या हटतात आणि इमारती उभ्या राहतात. त्या वेळी चौरस फुटांचा हिशेब होतो, आणि तो व्हावयासच हवा. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: जुना शेजार सोबत येतो काय? नव्या ठिकाणी या माणसांना मानाने वागविले जाईल काय? आणि उतरून बसायला एखादे झाड आहे काय? यांची उत्तरे न घेता घराची किल्ली हाती दिली, तर उद्या त्या घरातील आजाराला आपण पुन्हा रहिवाशांच्या स्वभावाचा दोष म्हणू. १८४० साली आकडा चुकीच्या रकान्यात पडला होता. निदान आपण तरी तो योग्य रकान्यात मांडावा.