अजिंठ्याच्या नकला आणि शाळेचं कपाट

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने ग्रुपवर लिहिलं होतं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या कामाबद्दल लिही." माझं काम थोडक्यात असं : संग्रहालयातल्या वस्तू आणि चित्रं संगणकाच्या पडद्यावर आणायची. बघणाऱ्याला मूर्ती फिरवून बघता यावी, चित्रात आत आत शिरता यावं, एखाद्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याची गोष्ट समोर यावी, अशी ती मांडायची. हे काम नवं वाटत असलं तरी त्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचं एक टोक आपल्या भुसावळात आहे. म्हणून हा लेख इतिहासाचा झाला. इतिहासात मला जेमतेम मार्क पडायचे, हे बाईंना आठवत असेलच.

सुरुवात आपल्या नववीच्या सहलीपासून करते. एसटीची लाल बस, जामनेर-पहूर-फर्दापूरचा रस्ता, डब्यात भरीत-पुरी. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात बाईंनी दाराकडच्या भिंतीवर उंचावरचं एक चित्र दाखवलं. "हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि हे इराणच्या बादशहाचे वकील." मी वहीत लिहून घेतलं. खरं सांगायचं तर त्या अंधारात मला ना राजा दिसला, ना वकील. पण वाक्य पाठ झालं. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने तिथे आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्यानंतर अजिंठ्याची कीर्ती विलायतेत पोचली. चित्रांचे पोपडे पडताहेत, ती नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह तिथल्या अभ्यासकांनी धरला. त्यामुळे १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला या कामावर नेमलं. गिल आणि पारोची कथा आपल्याला ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यामुळे आणि नंतरच्या सिनेमामुळे माहीत आहे. त्याचं काम मात्र तितकं माहीत नसतं. अजिंठा गावातल्या बारादरीत राहून त्याने वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भित्तिचित्रं उतरवली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. वेगळ्या ठिकाणी असलेली मोजकीच वाचली.

गिलची दुसरी कामगिरी मला माझ्या धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. तो कॅमेरा चालवायला शिकला होता आणि जोडफोटो काढत होता. एकाच दृश्याचे, डाव्या आणि उजव्या डोळ्याला जसे दिसतील तसे दोन फोटो. ते स्टिरिओस्कोप नावाच्या दुर्बिणीसारख्या यंत्रात ठेवून पाहिले की दृश्याला खोली येते, आपण लेण्याच्या आत उभे आहोत असं वाटतं. १८६४ साली त्याचे असे शंभर जोडफोटो पुस्तकरूपाने निघाले. आज मुलं डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवून लेणी पाहतात, त्याचंही मूळ तत्त्व हेच आहे. १८७९ साली गिल वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. दहा वर्षं आपण या गावात शाळेला गेलो आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

गिलनंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आले. १८७२ ते १८८५ या काळात ते आणि त्यांचे विद्यार्थी हिवाळ्यात अजिंठ्याला मुक्काम ठोकून चित्रांच्या नकला करत. या विद्यार्थ्यांत पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी होते. जवळजवळ तीनशे कॅनव्हास तयार झाले. तेही लंडनला पाठवले गेले आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत त्यातले बरेच जळाले. उरलेले आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. शिवाय १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे ग्रंथ छापून आले होते, त्यामुळे हे काम जगभरच्या ग्रंथालयांत पोचलं.

या कथेला एक कडवट बाजूही आहे. नक्कल करताना मूळ चित्र नीट दिसावं म्हणून काही ठिकाणी मूळ चित्रांवर वॉर्निश लावलं गेलं. ते काळाबरोबर पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली. पुढे १९२०च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून जाणकार बोलवावे लागले. त्यांनी सुटलेलं प्लास्टर धरून ठेवलं, पण त्यांनीही वर लाखेचा थर दिला आणि तोही पुढे पिवळा पडला. नक्कल करणारा आणि जपणारा, दोघांचेही हात मूळ वस्तूला लागतात, हा धडा आमच्या धंद्याने अजिंठ्याकडून घ्यावा असा आहे.

म्हणून पुढच्या पिढ्यांनी हात न लावता काम करायचे मार्ग शोधले. १९०९ ते १९११च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार यांनी नकला केल्या. हैदराबादचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांचे चार भाग प्रसिद्ध केले. १९९०च्या दशकात बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न वापरता, अगदी मंद उजेडात चित्रांचे फोटो काढले आणि अंधारात हरवलेले रंग लोकांना पहिल्यांदा नीट दिसले.

आता आमची पिढी. एका भिंतीचे शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढलेला हवा. दोन फोटोंतला समान भाग ओळखून संगणक कॅमेऱ्याची जागा काढतो आणि भिंतीचा उंचसखलपणा उभा करतो. मग त्या प्रचंड चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि बघणारा जिथे बोट लावेल तेवढेच चौकोन पाठवायचे. म्हणून साध्या मोबाइलवरही पद्मपाणीच्या पापणीपर्यंत जाता येतं. चीनमधल्या दुनह्वांग लेण्यांचं असं मोठं काम २०१६ साली सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं झालं. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची संगणकप्रणाली बनवली आहे.

हे सगळं अवघड असलं तरी जमतं. न जमणारी गोष्ट वेगळीच आहे : बोट लावल्यावर जी माहिती उघडते, ती.

आता पुलकेशीकडे येते. त्या चित्रातले लोक इराणी वकील आणि राजा म्हणजे पुलकेशी, असं १८७९ साली जेम्स फर्ग्युसन या विद्वानाने मांडलं. ते ग्रंथांतून पाठ्यपुस्तकांत गेलं, तिथून बाईंकडे आणि बाईंकडून माझ्या वहीत. पण आज बहुतेक अभ्यासक पहिलं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात आणि पुलकेशी सातव्या शतकातला. म्हणजे चित्र राजाच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचं! ते दृश्य महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेतलं असावं, असं मत पुढे आलं. चित्र तेच राहिलं, फक्त खालची ओळ बदलली. पण जुनी ओळ अजून फिरतेच आहे, कारण प्रत्येक नकलेबरोबर तिचीही नक्कल झाली.

पडद्यावर हा धोका वाढतो. पुस्तकात "असावं", "दिसतं" असे शब्द असतात. पडद्यावर बोट लावलं की नाव झळकतं आणि झळकलेलं नाव खरंच वाटतं. म्हणून आम्ही आता प्रत्येक नावामागे तीन रकाने ठेवतो : कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कशावरून सांगितलं. जुनं मत पुसत नाही, त्याच्याखाली नवं लिहितो.

दुसरा धोका काळाचा. १९८६ साली बीबीसीने इंग्लंडच्या १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या नोंदवहीला नऊशे वर्षं झाली म्हणून एक नवी नोंदवही केली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले. ते सगळं त्या काळच्या खास लेझर तबकड्यांवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली आणि ती माहिती सोडवून घ्यायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली. १०८६ची चामड्यावर शाईने लिहिलेली नोंदवही मात्र अजून वाचता येते. आग न लागताही गोष्टी जळतात, त्या अशा.

आता आपल्या शाळेकडे. मे महिन्यात आम्ही तिघींनी ऑफिसातलं जुनं लोखंडी कपाट उघडलं आणि तीनशेच्या वर फोटो स्कॅन केले. शिक्षकांच्या एका जुन्या ग्रुप फोटोत कडेला कोट घातलेले, ताठ उभे गृहस्थ आहेत. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "हे आपले पहिले मुख्याध्यापक." मी लगेच तसं नाव टाकून फोटो परत पाठवला. दोन दिवसांत तो तीन बॅचच्या ग्रुपांवर फिरून माझ्याकडेच आला, खाली माझीच ओळ.

मग इतिहासाच्या बाईंकडे गेले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपले शिपाईमामा. फोटोसाठी सरांनी स्वतःचा कोट दिला होता त्यांना. बाह्या बघ, आखूड आहेत." मी पाहिलं, खरंच आखूड होत्या. इतकं बारीक स्कॅन करूनही त्या बाह्या मला दिसल्या नव्हत्या. एवढी वर्षं शाळेची घंटा दिलेल्या माणसाचं नाव मी माझ्याच हाताने पुसलं होतं. भीत भीत मी पुलकेशीचंही सांगितलं. बाई हसल्या. "पुस्तकात होतं ते शिकवलं. आता कळलंय ना, मग दुरुस्त करून लिही." म्हणून हेही लिहिलं.

बाईंनी त्या दुपारी एकोणीस फोटोंतली नावं सांगितली. उरलेल्या फोटोंची नावं तुमच्यापैकी कोणाकडे तरी आहेत आणि ती दुसरीकडे कुठेही नाहीत. मेळाव्याच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात मोठा पडदा लावलेला असेल. चेहऱ्यावर बोट ठेवा, नाव सांगा, आणि ते तुम्हाला कसं माहीत तेही सांगा. खात्री नसेल तर "खात्री नाही" म्हणा, त्यासाठीही जागा ठेवली आहे. दुसऱ्या कोणी वेगळं नाव सांगितलं तर भांडू नका, दोन्ही लिहून घेऊ. सगळ्याची एक प्रत शाळेत, एक समितीकडे आणि एक गावाबाहेर राहील. आणि प्रत्येक मूळ फोटोच्या मागे आपण पेन्सिलीने नावं लिहिणार आहोत, कारण त्याला कुठलंच यंत्र लागत नाही.

येताना चष्मा मात्र विसरू नका. आता आपल्या सगळ्यांनाच लागतो.