म्युनिकने विंडोज सोडलं, आणि पुन्हा धरलं

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ, असं वाटत असेल तर जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेची गोष्ट वाचा. २००३ मध्ये ती विंडोज सोडणार अशी कुणकुण लागली आणि मायक्रोसॉफ्टचे बडे साहेब स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांच्या दारात हजर! सवलतही देऊ केली. ऊडे बधले नाहीत. मे महिन्यात ठराव झाला.

पुढची दहा वर्षं जिकिरीची. प्रत्येक खात्याचे नमुने वेगळे, बाहेरून आलेल्या वर्ड फाइली विस्कटायच्या. तरी २०१३ पर्यंत १४ हजारांवर संगणक लिनक्सवर आले. मग ऊडे निवृत्त झाले, नवे महापौर आले, आणि २०१७ मध्ये महापालिकेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पण आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आलं होतं, हेही लक्षात असू द्या.

आता उत्तरेतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य त्याच वाटेने निघालंय. २०२४ मध्ये ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचा निर्णय, २०२५ मध्ये सरकारी ईमेलही मायक्रोसॉफ्टवरून हलवलं. यावेळी पैसे वाचवण्याची भाषा कमी. सरकारची कागदपत्रं कुणाच्या ताब्यात, हा सवाल जास्त.