दहा आणि अठरा

आम्ही उरणचे आगरी. आगर म्हणजे मिठागर. समाजाचं नावच धंद्यावरून पडलं. आजा भरतीचं पाणी आत घ्यायचा, उन्हात आटवायचा, वर आलेलं मीठ लाकडी फळीने ओढायचा. म्हणायचा, "मीठ पिकवतो."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो आणि हे वाक्य खटकू लागलं. समुद्रात सोडियम आणि क्लोराइड हे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आधीपासूनच सुटे फिरत असतात. मीठ पाण्यात पडलं की वीज न सोडताही आयनांत फुटतं, असं स्वीडनच्या अऱ्हेनियसने मांडलं. त्याच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्सालाच्या परीक्षकांनी जेमतेम पास केलं होतं. १९०३ मध्ये त्याच विचाराला नोबेल! (परीक्षकांचं असंच असतं.)

पण आयन होतातच का? ते जर्मन शास्त्रज्ञ कोसेलने १९१६ मध्ये उलगडलं. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन. बाहेरचा एकटा देऊन टाकला की उरतात १०, निऑनसारखे. क्लोरीनचे १७, तो एक घेतला की १८, आर्गॉनसारखे. दोघांचीही बाहेरची कक्षा आठांनी भरलेली.

आज्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग आमी उनात काय केलं?"

"पाणी काढलंस, आजा."