पोथीची प्रत आणि भांडाराची किल्ली

आपल्या जिल्ह्यातील कारंज्याची जैन ग्रंथभांडारे प्रसिद्धच आहेत. तेथील पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्या केवळ कपाटाच्या बळकटीने नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या प्रती होत गेल्या म्हणून. प्रत करून देणे हे पुण्यकर्म मानले जाई, आणि जुने लेखनिक पुष्कळदा शेवटी चूकभूल सुधारून घेण्याची विनंती वाचकाला करीत. १९३३ साली प्रा. हिरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' संपादून कारंज्याहून प्रसिद्ध केले. दहाव्या शतकातला कवी आपल्यापर्यंत पोहोचला, तो अशा अनामिक हातांच्या कष्टाने.

श्रोतेहो, संगणकाच्या व्याख्यानात पोथ्या कशाला, असे आपल्या मनात येईल. परंतु वर्डप्रेस नावाच्या ज्या आज्ञावलीवर आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी निदान दोन चालतात, तिचा इतिहास म्हणजे याच रीतीचा इतिहास होय. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. कामगारांची पत्रके काढता काढता जे शिकलो, त्याच दृष्टीने आम्ही हा इतिहास पाहतो.

प्रारंभ अमेरिकेत झाला. रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, एवढीच सुधारणा त्यांना करायची होती. पण आज्ञावलीची मूळ संहिता त्यांना मिळेना. यंत्र आपल्या दारी, आणि ते दुरुस्त करण्याचा हक्क मात्र दुसऱ्याचा! अशा अनुभवांतून त्यांनी १९८३ साली मुक्त आज्ञावलींची चळवळ पुकारली आणि १९८९ साली एक सार्वजनिक परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणीही चालवावी, वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र जो ती पुढे वाटील, त्याने हेच हक्क घेणाऱ्यालाही द्यावेत, असे त्याचे सार.

या परवान्याखाली मिशेल वाल्द्रिघी या फ्रेंच तरुणाने २००१ साली 'बी-टू' नावाची लेखन प्रसिद्ध करण्याची आज्ञावली लिहिली. पुढे तिचे काम थंडावले. तथापि परवाना खुला असल्यामुळे ती मेली नाही. ह्यूस्टनचा एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडातील माइक लिटल यांनी तिचीच संहिता पुढे नेली, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस जन्मास आले. पुढल्याच वर्षी 'मूव्हेबल टाइप' या त्या काळच्या लोकप्रिय आज्ञावलीच्या मालकांनी परवान्याच्या अटी आणि किमती बदलल्या. नाराज झालेले पुष्कळ लोक वर्डप्रेसकडे वळले. मालकाने दर बदलला की दुसरीकडे जाता येणे, ही केवढी ताकद आहे, ते मजुराला सांगावे लागत नाही.

आज्ञावली वाढली ती मात्र माणसांमुळे. कोणी दोष कळवले, कोणी जोडभाग लिहिले, कोणी नवख्यांच्या शंकांना फुकट उत्तरे दिली. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत वर्डकॅम्प नावाचे पहिले संमेलन भरले. पुढे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथेही ती भरली. या आज्ञावलीचे मराठी रूपही स्वयंसेवकांचेच: एकाने वाक्य सुचवायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे.

आमच्या संघटनेचाही अनुभव सांगतो. आमचे संकेतस्थळ करून देणारा गृहस्थ गाव सोडून गेला, आणि प्रवेशाची किल्ली त्याच्याचकडे राहिली. सुदैवाने सर्व मजकुराची प्रत आमच्या एका कार्यकर्त्याने ठेवली होती. गावातल्याच एका मुलीने ती दुसऱ्या जागी आठवड्याभरात उभी केली. आज्ञावली बंदिस्त असती, तर वीस वर्षांची निवेदने बुडालीच होती.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही कंपनी यांच्यात वाद पेटला. ज्या मध्यवर्ती भांडारातून सुधारणा आणि जोडभाग मिळतात, त्याची दारे त्या कंपनीला बंद झाली. तिच्या गिऱ्हाइकांची त्यात कुचंबणा झाली. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ती तूर्त उघडावयास लावली. हे भांडार संस्थेचे नसून मुलेनवेग यांच्या व्यक्तिगत मालकीचे आहे, ही गोष्ट अनेक स्वयंसेवकांना तेव्हाच कळली. वाद कोणाचा खरा, तो निवाडा न्यायालयाचा. पण पोथी सर्वांची आणि भांडाराची किल्ली एकाची, ही स्थिती संघटनेत काम केलेल्या माणसाला अस्वस्थ करते. कष्ट शेकडोंचे असले, की घटना, हिशेब आणि निवडणूक हीही हवीतच.

म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे. आपल्या संस्थेच्या, शाळेच्या, ग्रंथालयाच्या मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि किल्ली एकाच्या खिशात राहू देऊ नका. दुसरे, नुसते घेणारे राहू नका. एखादे मराठी वाक्य सुधारा, एखादी चूक कळवा. कारंज्याच्या लेखनिकांनी वाचकाकडे याहून अधिक काय मागितले होते?