परम १०००० आणि पोर्टिंगची विद्या

१९९८ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने परम १०००० हा महासंगणक देशापुढे ठेवला. सेकंदाला सुमारे १०० अब्ज गणिते करण्याच्या त्याच्या क्षमतेचीच चर्चा अधिक झाली. परंतु त्यामागील सॉफ्टवेअरच्या कामाचे महत्त्व तेवढेच मोठे आहे.

आधीचा परम ८००० (१९९१) इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर उभा होता. पुढे ट्रान्सप्यूटरच मागे पडला. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या चिपची रचना गृहीत धरलेली असे, तो चिपबरोबरच निरुपयोगी ठरणार होता. संशोधकांची अनेक वर्षांची मेहनत यंत्राच्या अल्प आयुष्याशी बांधली जाणे, हा खरा प्रश्न होता.

परम १०००० मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आणि सोलारिस ही युनिक्स प्रणाली होती. म्हणजे बाजारात मिळणारीच यंत्रे, परस्परांना जोडलेली. त्यांनी एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलावे, हे १९९४ मध्ये एमपीआय या मानकाने ठरवून दिले होते. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेतून त्याचे एमपिच हे रूप मूळ संहितेसह सर्वांना खुले झाले होते. त्याचा वरचा थर कोणत्याही यंत्रावर चालणारा, तर खालचा त्या त्या यंत्राच्या जाळ्यापुरता होता. सी-डॅकने याच्याच आधारे सी-एमपीआय तयार केले आणि परमनेट या स्वदेशी जाळ्याशी त्याची सांगड घातली.

पोर्टिंग म्हणजे केवळ नव्या कंपायलरमधून जुनी संहिता काढणे नव्हे. स्पार्क प्रोसेसर संख्येचा सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो, इंटेलचा प्रोसेसर सर्वांत लहान किमतीचा. एकाने लिहिलेली फाइल दुसऱ्याने जशीच्या तशी वाचली, तर ३२ बिटांच्या पूर्णांकातील १ चे १,६७,७७,२१६ होतात. प्रोग्रॅम थांबत नाही, सूचनाही देत नाही. फक्त उत्तर चुकते. हवामानाच्या गणितात अशी चूक किती महाग पडेल, हे सांगायला नको.

२०२४ साली पुणे, दिल्ली व कोलकाता येथील परम रुद्र महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. प्रोसेसर बदलले, सोलारिसची जागा लिनक्सने घेतली. तरीही रायपूरचा एखादा विद्यार्थी आज लॅपटॉपवर एमपीआयचा पहिला प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा संदेश पाठवण्याची त्यातील आज्ञा १९९४ चीच असते. स्वावलंबनासाठी यंत्र घडवावे लागते, हे खरेच. पण मूळ संहिता वाचून ती नव्या यंत्रावर उभी करणारी माणसेही तितकीच घडवावी लागतात.