सांगितलेली किंमत आणि घेतलेली किंमत

काझीपेठहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे गाव महाराष्ट्रातील पुष्कळांना केवळ एक कोळशाचे स्थानक म्हणून ठाऊक असेल. हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला, आणि विसाव्या शतकाच्या त्याच तिसऱ्या दशकात येथे सिंगरेनी कंपनीच्या खाणींचे काम सुरू झाले. गाव त्या वेळी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते तेलंगणातील मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. मराठी मुलुख येथून लांब नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता.

अशा गावातही आता खरेदी मोबाईलवर होऊ लागली आहे. समजा, एखाद्या खाणकामगाराने मुलासाठी बुटांचा जोड निवडला. पडद्यावर किंमत दिसते ४९९ रुपये. तो नाव लिहितो, पत्ता लिहितो, पैसे देण्याचा मार्ग निवडतो, आणि मग एकेक आकडा पुढे येऊ लागतो. पोहोचविण्याचा खर्च, हाताळणीचा खर्च, 'प्लॅटफॉर्म'चे शुल्क, शिवाय कोणा संस्थेस द्यावयाची लहानशी देणगी, तीही न मागता जोडलेली. शेवटी बेरीज होते सहाशेच्या घरात. येथवर येण्यात पाव तास गेलेला असतो आणि मुलाने तो जोड पाहून ठेवलेला असतो. मनुष्य थोडा चडफडतो आणि पैसे भरतो.

ही चडफड नव्या युगाची आहे असे समजण्याचे कारण नाही. यंत्र नवे आहे. युक्ती जुनी आहे. किमतीचे दोन भाग करावयाचे, एक आधी सांगावयाचा आणि दुसरा गिऱ्हाईक गुंतल्यावर पुढे करावयाचा, एवढेच तिचे मर्म. ज्या प्रदेशात बेल्लमपल्ली वसले आहे त्या प्रदेशाचा आणि त्याच्या शेजारच्या महाराष्ट्राचा इतिहास या युक्तीच्या आणि तिच्यावर शोधलेल्या उपायांच्या कहाणीने भरलेला आहे.

मात्र येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. किमतीवर काही आकार पडणे हा स्वतः अन्याय नव्हे. निजामी राज्यात हाली शिक्का हा रुपया चाले आणि ब्रिटिश हद्दीत कलदार. स्थूलमानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. बल्लारशाह कलदारच्या मुलखात आणि बेल्लमपल्ली हालीच्या. सरहद्द ओलांडून आलेल्या मालावर 'करोडगिरी' नावाची जकातही द्यावी लागे. गिऱ्हाइकाला हे जाचक वाटले असेल. परंतु जकातीचे नाके रस्त्यावर उघड होते, आणि भाव हाली की कलदार, हे सौद्याआधी विचारता येत असे. हमालाने पोते वाहिले तर त्याची हमाली दिलीच पाहिजे. तक्रार आकाराची नसून लपवणुकीची आहे.

लपवणुकीचे फळ काय येते, ते पुणे जिल्ह्याने १८७५ साली पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जरोखे व हुकूमनामे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. कागदावर एवढा राग का? कारण कागदावरील रक्कम आणि कुणब्याच्या हातात पडलेली रक्कम या दोन निराळ्या गोष्टी होत्या. कर्ज देतानाच 'मनोती' म्हणून काही भाग कापून घेतला जाई. मुद्रांकाचा आणि लिहिणावळीचा खर्चही त्याच्याच माथी बसे. व्याज मात्र पुऱ्या रकमेवर चढे. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला आपण कशावर अंगठा उठविला हे कोर्टाची जप्ती आल्यावरच कळे.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने केवळ रोखा पाहून निकाल न देता त्यामागचा मूळ व्यवहार तपासावा, असे त्याने ठरविले. त्याचबरोबर परतफेडीची लेखी पावती, दर वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. कर्ज संपले नाही, सावकारीही संपली नाही. परंतु हिशेब पाहावयास मिळणे हा ऋणकोचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात नोंदले गेले.

कर्जानंतर पाळी आली बाजाराची. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला फार मोठी मागणी आली आणि पुढे रेल्वेमुळे खामगावसारख्या पेठा भरभराटल्या. शेतकरी गाडी घेऊन पेठेत येई तेव्हा त्याला एक भाव सांगण्यात येई. परंतु पट्टी हाती पडे तेव्हा त्यातून अडत, दलाली, हमाली, तोलाई वजा झालेली असे. वजनात कडता धरलेला असे, नमुना म्हणून काढलेला कापूस परत येत नसे, आणि 'धर्मादाय' म्हणूनही काही कापले जाई. दान शेतकऱ्याच्या पैशाने होई आणि पुण्य दुसऱ्याच्या नावावर जमा होई. अनेक पेठांत तर भावदेखील 'हत्ता' पद्धतीने ठरे. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करीत, आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून ते उपरणे पाहत राही.

वऱ्हाड नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे असल्यामुळे तेथील अंमल हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. त्याच अंमलात १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजारावर समिती असावी, तोलणारे व दलाल परवानाधारक असावेत, आकारणी ठरलेली असावी, ही दिशा तेथे प्रथम आखली गेली. १९२८ सालच्या शाही शेतकी आयोगाने अशाच नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्यात कापूसबाजाराचा कायदा १९२७ साली झालाच होता. आणि बेल्लमपल्ली ज्या राज्यात होते त्या हैदराबाद संस्थानाने १९३० साली आपला शेतमाल बाजार कायदा केला. उपरण्याखालचा हात हळूहळू उजेडात येऊ लागला.

परंतु कायदा पेठेपर्यंत पोहोचला म्हणून तो डोंगरात पोहोचतोच असे नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या आसिफाबाद व उटनूर भागातील गोंडांची स्थिती १९४० नंतरच्या काळात मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी जवळून पाहिली. व्यापाऱ्याकडील हिशेब व्यापाऱ्यालाच ठाऊक, कागद परक्या लिपीत, आणि जमीन मात्र हातून जात असलेली, असे ते चित्र होते. उपाय म्हणून ज्या गोष्टी हाती घेण्यात आल्या, त्यांत १९४३ साली मार्लवाई येथे उघडलेले गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गोंडी भाषेची पुस्तके तेथे देवनागरी लिपीत तयार झाली. पुढे मराठीतील नामवंत इतिहासकार म्हणून गाजलेले सेतुमाधवराव पगडी यांनी याच जिल्ह्यात गोंडांमध्ये सरकारी अधिकारी म्हणून काम केले आणि त्यांच्यावर १९४९ साली इंग्रजीत पुस्तकही लिहिले. फसवणुकीविरुद्ध शाळा हे संथ शस्त्र आहे, पण ते बोथट नाही. पावती वाचता येणाऱ्या माणसाला तीच पावती दाखवून लुबाडणे कठीण जाते.

स्वातंत्र्यानंतर वजनामापांचा गोंधळ प्रथम निस्तरण्यात आला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि गावोगावचे निरनिराळे शेर मागे पडले. पुढचा प्रश्न बंद पुड्यांचा होता. १९७७ च्या नियमांनी पुड्यावर वजन व किंमत छापणे आवश्यक केले. तरीही 'स्थानिक कर वेगळे' असे लिहिण्याची मुभा राहिली. त्या तीन शब्दांच्या आडोशाने दुकानदाराला हवा तो आकडा सांगता येई. १९९० साली ती फट बुजविण्यात आली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. याच काळात महाराष्ट्रात ग्राहक संघटित होऊ लागला होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्यापूर्वी लोकमत तयार करण्याचे बरेचसे श्रेय अशा चळवळींना आहे.

आता पुन्हा बुटांच्या जोडाकडे वळू. पुड्यावरील छापील किमतीने जे दार बंद केले, ते मोबाईलच्या पडद्याने पुन्हा किलकिले केले; कारण येथे वस्तूची किंमत खरी असते, पण वस्तूभोवतीच्या सेवांचे आकार मागाहून येतात. म्हणून २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्यावर असे बंधन घातले की एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवावी आणि तिच्या पोटात पोहोचविण्याचा, हाताळणीचा व कराचा भाग किती, तोही सांगावा. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीने गृहीत धरता येणार नाही, असेही त्यांत आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हा एक, आणि न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी सरकवणे हा दुसरा. वऱ्हाडच्या पेठेतील 'धर्मादाय' येथे नव्या नावाने पुन्हा भेटतो.

आणखी एक सोय साध्या माणसाच्या दृष्टीने मोलाची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय कोणत्याही महानगरात असो, बेल्लमपल्लीच्या कामगाराने तेथे जाण्याची गरज नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही त्याच्यासाठी आहे. तथापि चाळीस-पन्नास रुपयांसाठी फार थोडे लोक हे कष्ट घेतात, आणि सारा खेळ याच हिशेबावर चालतो. प्रत्येकाचे नुकसान तक्रार करण्याइतके मोठे नसते. सर्वांचे मिळून मात्र फार मोठे होते.

दोष सर्व व्यापाऱ्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. जो दुकानदार पहिल्यानेच पुरी किंमत सांगतो, त्याचा माल शेजाऱ्याच्या अर्धवट किमतीपुढे महाग दिसतो आणि त्याचे गिऱ्हाईक तुटते. लपवणुकीचा पहिला बळी ग्राहक असेल, तर दुसरा बळी हा प्रामाणिक व्यापारी होय. म्हणूनच जुन्या विचारवंतांनी हा विषय केवळ बाजाराचा मानला नाही. कौटिल्याने देशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा अशी नफ्याची मर्यादा घालून दिली. तेराव्या शतकातील ख्रिस्ती पंडित संत थॉमस अक्वायनस यांनी मालातील न दिसणारा दोष विक्रेत्याने स्वतः होऊन सांगितला पाहिजे, असे प्रतिपादन केले. दोघांचे देश वेगळे, काळ वेगळे, धर्म वेगळे. परंतु जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याच्या अज्ञानावर कमाई करू नये, हा विचार दोघांच्याही मुळाशी आहे.

सुप्याच्या शेतकऱ्याला रोख्यातील आकडा हवा होता, वऱ्हाडच्या शेतकऱ्याला उपरण्याखालील भाव हवा होता, मार्लवाईच्या गोंडाला व्यापाऱ्याच्या वहीतील अक्षर हवे होते. बेल्लमपल्लीच्या कामगाराला आज शेवटची बेरीज पहिल्या ओळीत हवी आहे. त्याची मागणी स्वस्ताईची नाही. होकार देण्यापूर्वी सत्य कळावे, एवढीच आहे. सौद्याला सौदेपण येते ते याच सत्यामुळे, आणि ते मिळविण्यासाठी दीडशे वर्षे चाललेले काम अजून पुरे व्हावयाचे आहे.